सुनावणीची तारीख : लागू नाही

केडगाव, अहिल्यानगर
७ ऑक्टोबर २०२५

ती. सुचित्राआत्यास,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर तू मला मध्येच थांबवलंस. राजूरला आवाज तुटतोय, शिवाय बोललेलं वाऱ्यावर जातं, तारीखवार लिहून पाठव, असं म्हणालीस. करखात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईपुढे मी काय बोलणार! म्हणून हे स्पीड पोस्टानं.

काल सकाळी कामगारांच्या पगाराचे पैसे काढायला बँकेत गेले, तर मॅनेजर म्हणाले की खातं गोठवलंय, कर कार्यालयाचं पत्र आहे. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. पत्रावर बाबांचं नाव होतं. तिथून थेट आपल्या करसल्लागाराकडे, बिभीषणकडे गेले. त्यानं करखात्याचं पोर्टल उघडलं आणि एका कोपऱ्यातल्या कप्प्यातून एकेक कागद बाहेर काढला. २३ जानेवारीची नोटीस, त्यानंतरची दोन स्मरणपत्रं आणि २७ जूनचा आदेश. बाबांना अर्धांगाचा झटका आला तो १८ जानेवारीला. नोटीस निघाली तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते. ईमेल त्यांच्याच फोनवर जायचे, आणि तो फोन कसा उघडायचा हे त्यांना आजही सांगता येत नाही. बिभीषण दरमहा विवरणपत्रं भरत होता, पण तो कप्पा त्यानं कधी उघडलाच नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो खाली मान घालून म्हणाला की ताई, चूक माझीच आहे, पण तुम्ही कितीही बोललात तरी तारीख मागं जाणार नाही.

आरोप असा. २०२१-२२ साली आपण एका व्यापाऱ्याकडून अकरा बिलांवर पाइनचं लाकूड घेतलं. पुढं त्याची नोंदणी रद्द झाली. म्हणून आदेश म्हणतो की लाकूड आलंच नाही, नुसती बिलं आली, तेव्हा त्यावर घेतलेली करवजावट व्याजासह आणि दंडासह परत करा. आत्या, आपण सुप्याच्या कारखान्यांना खोकी आणि पॅलेट पुरवतो. ती काय हवेची बनवली?

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी ताण नको म्हटलंय. फक्त आईला आणि शेडवरच्या गोरक्षमिस्त्रींना माहीत आहे. मिस्त्री म्हणाले, पगार मागंफुडं हुईल, पन ह्ये खोटं हाय आन आपन गप बसायचं न्हाई.

काय करू ते कळव. नारायणकाकांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो या वेळी जरा लवकर पोस्टात पडू दे.

तुझी,
मनवा

---

राजूर, ता. अकोले
१० ऑक्टोबर २०२५

चि. मनवा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रडून झालं असेल तर कॅलेंडर भिंतीवरून काढून पुढ्यात घे.

आदेश २७ जूनचा. अपिलाला तीन महिने मिळतात, ते २७ सप्टेंबरला संपले. त्यानंतरचा एक महिना अपिलाच्या अधिकाऱ्याला सबळ कारण दिसलं तरच तो माफ करू शकतो. म्हणजे २७ ऑक्टोबर. अठ्ठाविसाव्या तारखेला तुझ्या बापाची सगळी कहाणी ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्याचे हात बांधलेले असतील. मग हायकोर्टाचं दार उरतं, आणि ते दार लांब आहे. मधे दिवाळी आहे. तेव्हा फराळ आईवर सोड.

अपिलाबरोबर वादातल्या कराचे दहा टक्के भरावे लागतात. ते भरले की बाकीची वसुली थांबते, आणि त्या पावतीवर खातं मोकळं करायचा अर्ज करता येतो. उशीर का झाला याचा वेगळा अर्ज कर. त्याला दवाखान्याचे कागद तारखेवार जोड.

आता एक काम कर. जानेवारीच्या नोटिशीत एक रकाना असतो, प्रत्यक्ष सुनावणीची तारीख, वेळ, ठिकाण. तिथं काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर मला कळव. कुणाच्या विरुद्ध निर्णय द्यायचा असेल तर त्याला आधी बोलावून ऐकावं लागतं. त्यानं मागितलं नसलं तरी. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे.

आणि शेवटचं. अवधूतला तू काही सांगितलं नाहीस, हे मला मुळीच पटलेलं नाही. धंदा त्याचा, सही त्याची, आरोप त्याच्यावर. एका कचेरीनं त्याला न विचारता निकाल लावला म्हणून तू चिडलीस. घरात तू दुसरं काय केलंस? त्याची वाचा गेली आहे, अक्कल गेलेली नाही. माझा धाकटा भाऊ आहे तो, मला माहीत आहे. आज सांग.

वहिनीला आशीर्वाद. माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे. प्रेम त्याच्याखालीच आहे.

तुझी आत्या,
सुचित्रा

---

केडगाव
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर तुझ्यावर फुगून बसले, आणि संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले आणि आदेश पहिल्या ओळीपासून वाचला. ते ऐकत होते. व्यापाऱ्याचं नाव आलं तसा त्यांचा डावा हात हलायला लागला. मग ते म्हणाले, भट. आईनं विचारलं, कोण भट? त्यांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा तेच. आईला वाटलं, भूक लागली, भात मागतायत. तिनं वाटीत गरम भात, वर मेतकूट, तूप घालून आणलं. आत्या, बाबांनी ती वाटी डाव्या हातानं अशी ढकलली की भात माझ्या ओढणीवर. नऊ महिन्यांत त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. आई रडायला लागली. मी भात वेचत होते आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. मी विचारलं, बाबा, भट्टी? त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश मान डोलावली.

तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांचं लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं, नाहीतर कीड जाते म्हणून बंदरातच अडवतात. तापवलेल्या प्रत्येक खेपेची नोंद रजिस्टरात होते. बाबा ते स्वतः लिहायचे. लाकूड कुणाकडचं, किती, कोणत्या तारखेला आत गेलं, किती तास. दर काही महिन्यांनी सरकारी तपासनीस येऊन त्यावर सही करून जातो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आणि मी सुप्याच्या शेडमधलं सगळं कपाट खाली काढलं. त्या वर्षाचं रजिस्टर सापडलं. अकरापैकी नऊ बिलांचं लाकूड त्यात आहे, बाबांच्या अक्षरात, तपासनिसाच्या सह्यांसकट. उरलेल्या दोन बिलांच्या लाकडाची इथल्याच कारखान्यांसाठी खोकी केली होती. ते भट्टीत गेलंच नाही, त्यामुळे नोंद नाही.

तू सांगितलेला रकानाही पाहिला. सुनावणीची तारीख, लागू नाही. वेळ, लागू नाही. ठिकाण, लागू नाही. आणि आदेशात लिहिलंय की वारंवार संधी देऊनही करदाता हजर राहिला नाही. कुठं हजर राहायचं होतं, ते लागू नाही!

एक विचारायचंय. उशिराच्या अर्जात बिभीषणनं लिहिलंय की नोटीस मिळालीच नाही. तो म्हणतो, सगळे असंच लिहितात, त्यानं काम सोपं होतं. मलाही तसंच वाटतं. तुझं मत लगेच कळव. दहा टक्क्यांची जुळवाजुळव चालू आहे, थोडे कमी पडतायत.

बाबांनी आज भात खाल्ला. तुला नमस्कार सांगायला खूण केली.

तुझी,
मनवा

---

राजूर
१७ ऑक्टोबर २०२५

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

नोटीस मिळालीच नाही, असं लिहू नकोस. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्यानं पोचली असंच धरतात. खरं आहे ते लिही. नोटीस पोर्टलवर आली, त्या वेळी माणूस दवाखान्यात होता, घरच्यांना तो कप्पा ठाऊक नव्हता, सल्लागारानं पाहिला नाही. बिभीषणला त्याच्या सहीनं तसं लिहून द्यायला सांग. देईल तो. चूक कबूल करणारा माणूस आहे.

मी एवढी हट्टानं का सांगते, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नारायणरावांनाही नाही.

मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. कुठली कचेरी ते सांगत नाही. मार्चअखेर होती, साहेबांना आदेश काढायचे होते आणि काही नोटिसा कुणाला पोचल्याच नव्हत्या. शिपाई आजारी. मग मी जागेवर बसून अहवाल लिहिले. घर बंद आढळले, नोटीस दाराला डकवली. असे सहा अहवाल लिहिले, कुणीही कुठं गेलं नाही. खाली शिपायाची सही नंतर घेतली.

दोन महिन्यांनी पुंजाराम नावाचा एक माणूस आला. लोखंडी नांगर, कुळव बनवायचा. त्याच्या हातात आदेश होता. साहेब दौऱ्यावर, म्हणून माझ्या टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, बाई, हितं लिवलंय दाराला डकवली. माझ्या छपराला दारच न्हाई. तुमी कुठं डकवली? मी त्याला म्हटलं, अपील करा. तो म्हणाला, वकील म्हनतो मुदत गेली. मग म्हणाला की मला येकदा इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं. मी फाईल उघडून काहीतरी शोधायचं नाटक केलं, तो जाईपर्यंत.

म्हणून सांगते. ज्या कागदावर आपण न्याय मागतो, त्यावर एक ओळही खोटी नको. मला त्याची किंमत माहीत आहे, आणि ती मी भरलेली नाही.

सोबत चेक आहे. ही दिवाळीची भेट नव्हे, उसने आहेत, सोयीनं परत कर. चोविसाच्या आत अपील दाखल झालं पाहिजे. पोर्टल शेवटच्या दिवशी दगा देतं.

आता तुला माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटो. माझी माया होती तेवढीच राहील.

सुचित्राआत्या

---

केडगाव
२५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी अपील दाखल झालं. पोचपावतीची प्रत सोबत आहे. अर्ज तू सांगितलास तसाच, खरा लिहिला. बिभीषणनं सही केली आणि यंदाची फी घेणार नाही म्हणाला. मी म्हटलं, फी घ्या आणि तो कप्पा दर सोमवारी उघडा. प्रत्यक्ष सुनावणी हवी, हे अपिलात दोनदा लिहिलंय.

लक्ष्मीपूजन शेडमध्ये केलं. कामगारांना अर्धा पगार देता आला, तो माझ्या खात्यातून. कुणी तोंड वाकडं केलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, तो कामामुळे नाही. खोटं कशाला लिहू? मला तुझा राग आला होता. आमच्या बाबांच्या जागी मला ते पुंजाराम दिसत राहिले, आणि त्या टेबलामागे तू. दोन दिवस चेक बँकेत टाकला नाही. मग टाकला, कारण हे सगळं तू न सांगताही मला सल्ला देऊ शकली असतीस.

ते पुंजाराम आता कुठे असतात? तू त्यांना कधी सांगितलंस का?

लोभ कमी झालेला नाही. पण प्रश्न विचारतेय, आणि उत्तर लेखी हवंय.

मनवा

---

राजूर
२ डिसेंबर २०२५

चि. मनवास आशीर्वाद.

खातं मोकळं झाल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला महिना लागला, कारण आधी ते मिळवावं लागलं. गेल्या बुधवारी एसटीनं गेले. नारायणरावांना सगळं सांगितलं, ते म्हणाले की मी बरोबर येतो, पण बाहेर बसतो.

पुंजाराम आहेत. ऐंशीच्या पुढं गेलेत, दिसतं कमी. सून लंकाबाई सांभाळते. तिला वाटलं, मी कुठल्या योजनेची बाई आहे, कागदपत्रं घेऊन बसली. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं की तो अहवाल मी लिहिला होता, तुमच्याकडे कुणीही आलं नव्हतं. त्यांना मी आठवत नव्हते. छप्पर आठवत होतं. म्हणाले, तवा लेथमशीन इकली, मंग धंदा काय ऱ्हायला न्हाई, पोरगं सुप्याला कामाला गेलं. रागानं बोलले नाहीत आणि क्षमाही केली नाही. लंकाबाई मात्र तडकली. आता वीस वर्सांनी येऊन काय उपेग, म्हणाली. खरंच आहे.

निघताना म्हातारबाबांनी मला थांबवलं. म्हणाले, ह्ये बोललीस ते लिवून दे. लोकं म्हनायची, पुंजारामनं नोटीस दडवली. मी लिहून दिलं. नाव, हुद्दा, तारीख, सही. लंकाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं, घडी केली आणि मग चहा टाकला.

तुझी सुनावणी लागली की कळव. कागदांना क्रमांक घाल, वर अनुक्रमणिका लाव. अधिकाऱ्याला शोधायला लावलंस तर तो वैतागतो.

आशीर्वाद आहेत. तू प्रश्न विचारलास म्हणून थोडे जास्तच.

सुचित्राआत्या

---

केडगाव
२६ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा नाशिकला सुनावणी झाली. बाबांना न्यायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. त्यांनी सकाळी सहालाच कोट अंगावर ओढून घेतला, एक बाही घातलेली, एक लोंबती. मग कोण काय बोलणार? मिस्त्रींनी त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि रजिस्टर स्वतःच्या मांडीवर घेतलं.

अपिलाचे अधिकारी पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. मला वाटलं होतं, आमची अवस्था बघून विरघळतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हे रजिस्टर खालच्या अधिकाऱ्याला का दाखवलं नाही? मी दवाखान्याचे कागद दाखवले आणि तो नोटिशीतला रकाना. लागू नाही, लागू नाही, लागू नाही. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि बाजूला लिहून घेतलं. मग एकेक बिल, एकेक नोंद. ट्रकचे नंबर जुळवले, तपासनिसाच्या सह्या भिंगातून पाहिल्या. पावणेदोन तास.

एका नोंदीची शाई वेगळी होती. त्यांनी विचारलं, ही नंतर घातली का? मी म्हटलं, हे अक्षर बाबांचं आहे. तर ते म्हणाले की तुम्हाला नाही, त्यांना विचारतोय. बाबांसमोर रजिस्टर ठेवलं गेलं. बाबांनी ओठ हलवले, काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मी मदतीला तोंड उघडलं, तर साहेबांनी हातानंच मला थांबवलं. आत्या, ते थांबून राहिले. घड्याळाकडे पाहिलं नाही, दुसरी फाईल ओढली नाही. शेवटी बाबा म्हणाले, पेन संपलं. दोन शब्द, दोन्ही स्पष्ट. साहेबांनी मागचं पान उलटलं. शेवटच्या दोन ओळी फिकट होत गेल्या होत्या.

मग त्या दोन बिलांवर आले. मी सांगितलं की ते लाकूड आलं होतं, इथल्या खोक्यांत गेलं. पुरावा विचारला. चालकाच्या पावत्या हरवल्यात. वजनकाट्याची चिठ्ठी नाही. नाही ते नाही, असंच सांगितलं. बाहेर आल्यावर बिभीषण हळहळला, काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची होती म्हणाला. मिस्त्री त्याला म्हणाले, सायेबानं खरं इचारलं, ताईनं खरं सांगितलं, आता काय व्हायाचं ते हू द्या.

निकाल पाठवतील. परतीच्या वाटेवर बाबा झोपले ते थेट केडगावला उठले. मला मात्र डोळा लागला नाही.

लोभ आहे, तो निकाल काहीही लागला तरी मला पुरेल.

तुझी,
मनवा

---

केडगाव
२३ मार्च २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी निकाल आला. चौदा पानं आहेत. या वेळी तो कप्पा मीच उघडला.

नऊ बिलं मान्य झाली. त्यांवरचा कर, व्याज, दंड रद्द. दोन बिलं अमान्य, त्यांचं भरावं लागेल. पुढं न्यायाधिकरणात जाता येतं, बिभीषणनं मुदतही सांगितली. मला जायचं होतं. लाकूड आलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण या वेळी मी ठरवण्याआधी बाबांना विचारलं, आईला विचारलं, मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, आपल्याला म्हाईत हाय, पन दाखवाया काय हाय? बाबांनी बोटानं हिशेबाच्या टेबलाकडे दाखवलं आणि म्हणाले, भर. आज भरून टाकले. कालपासून इथल्या खोक्यांच्या लाकडाचंही रजिस्टर सुरू केलंय. पहिली नोंद दीड बोटाच्या अक्षरांत बाबांनी डाव्या हातानं केली. वाचता येत नाही, पण आहे. खाली मी ती पुन्हा लिहून ठेवली.

तुझे उसने पैसे दोन हप्त्यांत पाठवते. नाही म्हणू नकोस.

निकाल मी बाबांना वाचून दाखवायला बसले. सुरुवातीला कलमं, तारखा, मागचा इतिहास. ते खिडकीबाहेर बघत होते. चौथ्या पानावर एक ओळ आली. अपीलकर्ते व त्यांची कन्या समक्ष हजर, त्यांचे म्हणणे ऐकले. बाबांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी खूण केली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली. त्यांनी आईला हाक मारली, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं खुर्चीवर हात आपटला, आणि ती ओट्यावरून हात पुसत आल्यावर तिसऱ्यांदा वाचायला लावली.

पुढची दहा पानं त्यांनी ऐकलीच नाहीत.

तुझी,
मनवा